मॅच पॉइंटवरचा गुलाल

गुलाल आधी नाकात गेला, मग डोळ्यांत, आणि काय झालं ते मयूर काकडला कळायच्या आत निळ्या कोर्टावर पार जाळीपर्यंत गुलाबी धूळ पसरली होती. डोक्याला कुणीतरी काहीतरी गुंडाळत होतं. टोपीसकट. कापडाचा एक पदर कानावर आला, कानात खरखर झाली, आणि त्या खरखरीतून तंबाखूचा, घामाचा आणि कांद्याच्या चाळीचा वास आला तेव्हा त्याला ओळख पटली की हे आपले कारभारी मामा, नामपूरचे, आईचे थोरले भाऊ. ते कोर्टाच्या मधोमध उभे आहेत. ते आपल्याला फेटा बांधतायत. आणि मॅच अजून संपलेली नाही.

मॅच संपली नव्हती हे तिथल्या फार थोड्या लोकांना माहीत होतं. तिसरा सेट, पाच-चार, मयूरची सर्व्हिस, चाळीस-तीस. एवढा एक पॉइंट घेतला की मॅच त्याची. त्यानं सर्व्हिस केली, चेंडू जाळीच्या पट्टीला चाटून पलीकडे पडला आणि समोरच्या गुडगावच्या पोरानं तो परत मारताना जाळीत घातला. जाळीला चाटून गेलेली सर्व्हिस धरत नाहीत, ती पुन्हा मारायची असते, तिला लेट म्हणतात. उंच खुर्चीवरचा अंपायर तसं म्हणालाही, 'लेट'. पण नामपूरहून छोटा हत्ती टेम्पोच्या हौद्यात उभं राहून आलेल्या मंडळींना जाळीत अडकलेला चेंडू दिसला, समोरच्यानं खाली घातलेली मान दिसली, आणि एवढं त्यांना पुरेसं झालं. कुस्तीत माणूस चीत झाला की झाला. पंच त्याला उठवून पुन्हा पड म्हणत नाही. मामांनी उभी जवानी बागलाणातल्या जत्रांच्या हौद्यांत घालवली होती, आणि निकाल लागल्यावर जो पहिला आत घुसून फेटा बांधत नाही तो कसला मामा, एवढी साधी गोष्ट त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

मग शिट्ट्या झाल्या. क्लबच्या दोन वॉचमननी मामांच्या काखेत हात घातले. मामा म्हणत होते, "अरे सोडा ना भो, मन्हा भाचा शे तो, मन्हा सख्खा भाचा." गुडगावच्या पोराचा कोच कठड्यावरून ओणवा होऊन इंग्रजीत ओरडत होता की ही टेनिस मॅच आहे की सर्कस, आणि त्याचं अगदीच चूक होतं असंही नाही. स्पर्धेच्या रेफ्री बाई आल्या. मोठी हॅट, पांढरे बूट, चेन्नईकडच्या. बुटांचे तळवे गुलाबी होऊ नयेत म्हणून त्या टाचांवर चालत आल्या. त्यांनी मामांकडे पाहिलं, मग मयूरच्या अर्ध्या बांधलेल्या फेट्याकडे पाहिलं, आणि शांतपणे इंग्रजीत विचारलं, "हा माणूस काय म्हणतोय? ही माणसं तुमची आहेत का?"

प्रश्न साधा होता, पण त्याला पोट होतं. मयूरच्या खात्यावर आधीच दोन शिक्षा होत्या. पहिल्या सेटमध्ये त्यानं रॅकेट आपटली होती, त्याची ताकीद. दुसऱ्या सेटमध्ये स्वतःलाच एक सणसणीत शिवी घातली होती, त्याचा एक पॉइंट गेला. शिवी हिंदीत घातली म्हणून अंपायरला कळली, मराठीत घातली असती तर सुटला असता. आता तिसरा गुन्हा झाला तर आख्खा गेम जाणार. म्हणजे पाच-चार नाही, पाच-पाच. मॅच पॉइंट नाहीच. खेळाडूची स्वतःची माणसं कोर्टात घुसली तर तो खेळाडूचा गुन्हा. कुणीतरी ऐरेगैरे घुसले तर त्यांना गेटाबाहेर घालवायचं आणि लेट पुन्हा मारायची. बाईंनी हे सगळं दोन वाक्यांत सांगितलं आणि थांबल्या. "डोळ्यांत गेलंय," मयूर म्हणाला. "धुवून सांगतो." बाईंनी मान हलवली. कोर्ट पुसेपर्यंत तसाही खेळ होणार नव्हताच.

तो खुर्चीवर बसला आणि टॉवेल डोक्यावरून घेतला. फेट्यावरून टॉवेल, म्हणजे आत चांगलाच काळोख. जिभेवर गुलालाची कचकच होती. बाहेर बादल्या वाजत होत्या, पाणी ओतल्याचा आवाज येत होता, आणि कुणीतरी म्हणत होतं, पाणी नका टाकू रे, चिखल होईल. झालाच असणार. टॉवेलच्या आत मात्र बरं वाटत होतं. टेनिसपटूच्या आयुष्यात एकटं बसायची परवानगी असलेली एवढीच जागा असते, टॉवेलच्या आतली. बाकी सगळीकडे कुणी ना कुणी विचारत असतं. आज सकाळचीच गोष्ट. नाशकातल्या द्वारका चौकात मामांच्या गाडीला रस्ता दाखवायला म्हणून तो ॲक्टिव्हावर थांबला होता, पाठीवर रॅकेटची लांब बॅग, आणि शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "काय वाजवता साहेब तुम्ही, गिटार का?" टेनिस, मयूर म्हणाला. "असं का. टीव्हीवर दिसता का?" नाही. "मग?" सिग्नल सुटला म्हणून वाचला. हे 'मग' त्यानं तेरा-चौदा वर्षांचा असल्यापासून ऐकलंय. लग्नासाठी सिन्नरचं एक स्थळ आलं होतं, मुलीच्या वडिलांनी चहाचा कप ठेवत विचारलं, मुलगा करतो काय? टेनिस खेळतो. ते कळलं हो, पण करतो काय? त्या माणसावर रागवावं तर कोणत्या तोंडानं. जगात जे सतराशेव्या-अठराशेव्या नंबरावर टेनिस खेळतात ते नक्की करतात काय, हे त्यांना स्वतःलाही धड सांगता येत नाही. ते खेळतात. ते रात्रीच्या बसनं जातात, एका खोलीत चौघं झोपतात, दुसऱ्यांच्या रॅकेटला तार घालून देतात, पात्रता फेरीत हरतात, आणि पुढच्या गावाला जातात. टीव्हीवर दिसणारे टेनिसपटू आणि हे, दोघांचा खेळ एकच आहे असं म्हणणं म्हणजे देवळातला हत्ती आणि पाटीवर काढलेला हत्ती एकच म्हणण्यासारखं आहे. पण पाटीवरच्यालाही सोंड असते, तो मुद्दा कुणी ध्यानात घेत नाही.

मयूरकडे एक पॉइंट होता. जागतिक क्रमवारीतला एक, अख्खा एक. असा पॉइंट मिळाला की जगाच्या यादीत नाव येतं आणि वर्षभर राहतं. वर्ष सरलं की पॉइंट गळून पडतो, आणि दुसरा मिळवलेला नसला तर नावही गळून पडतं, सुकलेलं फूल देठावरून पडावं तसं, आवाज न होता. त्याचा येत्या सोमवारी गळणार होता. आज ही पहिली फेरी जिंकली तर नवा मिळणार. हरला तर सोमवारी मयूर फकिरा काकड, नाशिक, ही गोष्ट जगात असेल, यादीत नसेल. घरी त्यानं सांगून टाकलं होतं की नाव गेलं तर रॅकेटही गेली, मग मळ्यात येतो आणि झेंडू खुडतो. बाप फकिरा म्हणाला, ये की, कोण नाय म्हणतंय. बापाच्या या चांगुलपणाचाच जास्त राग यायचा. आणि तो आधीचा पॉइंट कुठे मिळाला होता? ट्युनिशियात, समुद्राकाठच्या एका हॉटेलच्या मागच्या कोर्टावर. वारा असा की सर्व्हिससाठी उडवलेला चेंडू परत हातात यायचा नाही. समोरचा पोरगा पोट बिघडल्यानं दर दोन गेमनंतर संडासला पळत होता. जिंकल्यावर मयूरनं हात मिळवला, अंपायरला मिळवला, आणि मग हात मिळवायला कुणीच उरलं नाही. कोर्टाच्या कठड्यावर एक पिवळं मांजर बसलं होतं. त्याला तो मराठीत म्हणाला, जिंकलो बरं का. मांजरानं पाय चाटला. आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय आणि साक्षीला एक मांजर, तेही परदेशी. तेव्हा तो हसला होता. खोलीवर आल्यावर कुणाला फोन करावा याचा विचार करत इतका वेळ बसला की इकडे नाशकात सगळे झोपून गेले.

आणि आता हे. फेटा, गुलाल, आरडाओरडा, मन्हा भाचा शे. टॉवेलच्या आत त्याला हसू फुटलं आणि नाकातून गुलाबी पाणी आलं. ट्युनिशियातल्या त्या कोर्टावर हे सगळं असतं तर. इथं ते चार मिनिटं लवकर आलं, एवढंच.

इथं म्हणजे तरी कुठं. हाच क्लब, आणि या कोर्टाच्या मागची हीच भिंत. भिंतीपलीकडे मयूरच्या घरच्यांचा झेंडू. क्लब झाला तेव्हा मखमलाबादच्या बाजूला सगळा मळाच होता, साहेबलोकांनी मधोमध चार कोर्टं घातली, आणि साहेबलोकांना मारता काय यायचं, दिवसाला सात-आठ चेंडू भिंतीवरून झेंडूत. पिवळा चेंडू, पिवळा झेंडू. शोधणाऱ्याचे डोळे फुटायची वेळ. वॉचमन यायचा, ओळींतून झाडं तुडवत फिरायचा, निम्मे चेंडू न सापडताच जायचा. सापडायचे ते आई अंबूबाईला, पहाटे फुलं खुडताना. बोटांना कळायचं, ती सांगायची, की हे फूल नाय, हे कायतरी मेलेलं हाय. मयूर ते चेंडू घराच्या मागच्या भिंतीवर मारायचा, धुण्याच्या धोपाटण्यानं. तासन् तास. भिंतीचा पोपडा पडला, धोपाटणं फुटलं, आणि एक दिवस अंबूबाईनं फुलांची पाटी घेतली, तिच्यात न दिलेले सगळे चेंडू भरले, डोक्यावर घेतली, आणि क्लबच्या गेटातून सरळ आत गेली. वॉचमननं हाक मारली तेव्हा म्हणाली, फुलं द्यायचीत आत. सेक्रेटरीच्या टेबलावर तिनं पाटी ठेवली. "हे तुमचं. ह्याच्यापुढं एकबी परत मिळायचा नाय, माझी झाडं मोडत्यात. न्हायतर मग ह्याला खेळायला घ्या, हा येचून आणून देत जाईल." सेक्रेटरी हसला असेल, चिडला असेल, मयूरला आठवत नाही. त्याला एवढंच आठवतं की पाटीत एक झेंडूचं फूल राहून गेलं होतं आणि सेक्रेटरीनं चेंडू समजून तेच उचललं.

गेटावरचा प्रश्न मात्र त्यानंतरही सुटला नाही. कुणाचा रे तू? क्लबच्या गेटावर याचा अर्थ कोणत्या मेंबरचा. तो सांगायचा, अंबूबाईचा. वॉचमन हसायचे आणि सोडायचे, पण विचारायचे रोज. सोळा वर्षांखालची राज्य स्पर्धा त्यानं जिंकली तेव्हा क्लबच्या दारावर फ्लेक्स लागला, आमच्या क्लबचा हिरा, खाली कमिटीतल्या सगळ्यांचे फोटो, त्याच्या फोटोपेक्षा मोठे. पुढच्या वर्षी तो पहिल्याच फेरीत हरला तर तोच सेक्रेटरी कुणाला तरी सांगताना त्यानं ऐकला, तो होय, तो मागच्या मळ्यातला. जिल्हा संघटनेवाल्यांनी तर कमालच केली. पेपरात 'नाशिकचा मयूर' म्हणून छापून आणायचे आणि दौऱ्यासाठी पत्र मागायला गेलं की विचारायचे, तुमची फाइल कुणाकडून आलीय? कुणाकडून? आईकडून आलीय, भाड्यांनो. झेंडूच्या पाटीतून आलीय. हे तो कधी बोलला नाही, आज टॉवेलच्या आत बोलला, आणि बोलून बरं वाटलं. जिंकलास तर आमचा, हरलास तर तुझा तू. या एका हिशेबावर या देशातले सगळे क्लब आणि सगळ्या संघटना चालतात आणि त्यांची जेवणं मात्र छान होतात. या सगळ्या वर्षांत त्याला जिंकला-हरला न विचारता आपला म्हणणारी माणसं होती कोण, तर ही, छोट्या हत्तीतली, ज्यांना टेनिसमध्ये पंधरानंतर तीस आणि तीसनंतर चाळीसच का येतात हे आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं आणि आत्ताही नाही. मामांनी त्यावर सकाळीच मत दिलं होतं, "हिशोब करनारा कोनी व्यापारी आसंल, दांडी मारतो."

आणि आता प्रश्न उलटा होऊन आला होता. कुणाचा तू नव्हे, तुझे का हे.

नाही म्हणणं किती सोपं होतं. नो मॅडम. एवढंच. मामांना इंग्रजी येत नाही. बाईंना अहिराणी येत नाही. मामा काय म्हणतायत ते बाईंना इंग्रजीत सांगणारा आख्ख्या कोर्टावर तोच एक. म्हणायचं, माहीत नाही कोण, जत्रेतली माणसं दिसतायत, चुकून आली. वॉचमन त्यांना गेटाबाहेर नेतील. बाहेर रसवंती आहे, चिंचेचं झाड आहे, मामा तिथं बसतील, रस पितील, आणि मॅच संपल्यावर त्यांना कळणारही नाही की आपण का बाहेर होतो. त्यांना वाटेल असंच असतं. लेट पुन्हा मारायची, गुडगावच्या पोराचे पाय आता बसून गार झालेत, त्याचा बॅकहँड आधीच सुटलाय, एक सर्व्हिस बरी पडली की संपलं. सोमवारी नाव राहील. कुणाचं काही बिघडणार नाही. सगळी कारणं बरोबर होती. उजव्या कोपराची ठणकसुद्धा म्हणत होती, बरोबर आहे, लवकर उरक. फक्त पोटात कुठंतरी, झेंडूच्या ओळीत हात घातल्यावर फुलाऐवजी दुसरंच काहीतरी हाताला लागावं तसं लागलं. फूल नाय हे. मेलेलं हाय. त्यानं हात काढून घेतला.

टॉवेल काढला तेव्हा ऊन डोळ्यांवर आलं. कोर्टावर चिखल झालेलाच होता, आता तो तिघं जण रबरी झाडूनं ओढत होते, आणि निळ्यावर एक मोठा गुलाबी डाग कायमचा बसला होता, सर्व्हिसच्या चौकोनात, बरोबर जिथं चेंडू टाकायचा तिथं. मामा तारेच्या जाळीच्या दाराबाहेर उभे. त्यांच्या चेहऱ्यावर अजून हसूच होतं, पण ते आता कुठं ठेवावं ते त्यांना कळत नव्हतं. आई मागच्या बाकावर, पदर तोंडाशी. बहीण रूपाली, बँकेत नोकरी करणारी, तारेच्या जाळीला चिकटून उभी होती. तिला इंग्रजी येतं. तिनं सगळं ऐकलं होतं.

रेफ्री बाई जवळ आल्या. "मग?"

"माझे आहेत," मयूर म्हणाला. "ते माझे मामा आहेत. मामा म्हणतायत की मी त्यांचा भाचा आहे. बरोबर आहे ते. तो बाक माझा आहे, त्याच्या मागचाही. ते पलीकडे शेंगा खातायत तेही."

बाईंनी अंपायरला हातानं खूण केली. त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला आणि परत जागेवर गेला. "गेम पेनल्टी, काकड," अंपायर माइकमध्ये म्हणाला. पाच-पाच. गुडगावच्या कोचनं टाळी वाजवली. मामांनी पाहिलं की तो गोरागोमटा माणूस टाळी वाजवतोय, म्हणून त्यांनीही वाजवली. आपल्या भाच्याचं काहीतरी चांगलं झालं असणार.

फेटा उतरवावा लागला. तो त्यानं नीट घडी करून रूपालीकडे दिला. मग ती वळली आणि बाकांकडे गेली, आणि तिनं तिकडे काय सांगितलं देव जाणे, पण पुढचा गेम सुरू झाला तेव्हा कोर्टावर पूर्ण शांतता होती. शेंगांची सालंसुद्धा वाजेनात. हौद्यातून आलेली सगळी माणसं मांड्यांवर हात ठेवून बसलेली, शाळा तपासायला साहेब आल्यासारखी. एका बाईनं तर पोराच्या तोंडावर हात धरला होता. टेनिसला अशीच शांतता लागते, सभ्य शांतता, असं पुस्तकात लिहिलंय. मयूरला ती ट्युनिशियातली वाटली. त्याला प्रत्येक चेंडूनंतर मांजराची आठवण येऊ लागली. हात जड झाला, पाय दुसऱ्याचे झाले, आणि गुडगावच्या पोरानं तो गेम एकही पॉइंट न देता घेतला. पाच-सहा. आणखी एक गेम गेला की सगळंच गेलं. बाजू बदलायची वेळ होती, थोडा वेळ बसायला मिळतं, तो बसला नाही. पाण्याची बाटली घेऊन बाकांकडच्या तारेच्या जाळीपाशी गेला.

"मामा, मयताला आल्यासारखे का बसले?"

मामांनी आधी रूपालीकडे पाहिलं. मग तोंडावर हात धरून कुजबुजले, "ही बोलू देत नाय. म्हने तुमच्या पायी त्याचं नुकसान व्हतं."

"काही नुकसान होत नाही. चेंडू चालू असला की गप बसायचं. चेंडू थांबला की सुटायचं. जेवढं सुटायचं तेवढं सुटा. मी चेंडू आपटायला लागलो की पुन्हा गप."

मामांचा चेहरा उजळला. "मंग असं सांग ना. ताल शे त्याला. हलगीला बी राहतो."

"तेच."

"आन् ते मघाशी का बरं नाय धरलं? पडला व्हता ना तो."

"पाठ टेकली नव्हती मामा," मयूर म्हणाला. "खांदाच लागला होता."

"हां," मामा म्हणाले. त्यांचं समाधान झालं. इतकी वर्षं पंचांच्या समित्यांनी, सेक्रेटऱ्यांनी, इंग्रजी पुस्तकांनी जे मयूरच्या घरच्यांना समजावलं नव्हतं ते पाण्याच्या एका घोटात समजलं. मागून आईचा आवाज आला, "भाऊ, काय म्हनतो तो?" आणि मामा मोठ्या तज्ज्ञाच्या सुरात म्हणाले, "खांदा लागेल व्हता. कुस्ती चालू शे."

त्यानंतर जे झालं त्याला मयूरच्या डोक्यात नीट क्रम नाही. सर्व्हिस करताना चेंडू आपटायचा, एक, दोन, आणि आवाज खाली बसायचा, पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. चेंडू मेला की झाकण उडायचं. पहिल्यांदा अंपायर दचकला. दुसऱ्यांदा त्यानं इकडेतिकडे पाहिलं. तिसऱ्यांदा त्याला कळलं की ही माणसं एकही नियम मोडत नाहीयत, उलट क्लबच्या मेंबरांपेक्षा जास्त पाळतायत, कारण मेंबर तिकडे छत्रीखाली फोनवर बोलत होते. एकदा एका मेंबरचा फोन चेंडू चालू असताना वाजला तर मामांनी मागं वळून त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तो बंदच केला. मयूरला खेळताना इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. कोपर दुखत होतं, पण ते दुखणं आता पलीकडच्या खोलीत दुखत होतं. त्याला वाटत होतं आपण हरलो तरी हे लोक असेच ओरडत घरी जातील, आणि गाडीत आपल्यालाच समजावतील की तो खांदा होता. हरण्याची भीती माणसाला एकटं असल्यावर खाते. गर्दीत तिला तोंड घालायला जागा मिळत नाही. सहा-सहा झाले. टायब्रेक, म्हणजे आता सगळा निकाल एकाच गेमवर. गुडगावच्या पोराचा कोच आता बोलत नव्हता. तो पोरगा बिचारा चांगला होता, एकोणीस-वीसचा, त्याच्या बाजूनं ओरडायला पगारी माणूस एकच. मयूरला एका क्षणी त्याची इतकी दया आली की त्याच्या एका सुंदर फटक्यावर त्यानंच रॅकेटवर हात आपटला, आणि ते पाहून नामपूरची मंडळीही त्या पोरासाठी ओरडली. चांगल्या डावाला दाद द्यायची, डाव कुणाचा का असेना, जत्रेतली रीत आहे. त्या पोरानं चमकून वर पाहिलं. त्याच्यासाठी पहिल्यांदाच कुणी फुकट ओरडलं असावं.

पुन्हा मॅच पॉइंट आला तेव्हा मयूर रेषेवर उभा राहिला. समोर चौकोनात तो गुलाबी डाग. चेंडू आपटला, एक, दोन. झाकण बसलं. भिंतीपलीकडून झेंडूचा उग्र, कडवट वास आला, दुपारच्या उन्हात येतो तसा, आणि त्याला वाटलं, हा वास लहानपणापासून दर सर्व्हिसला येत होता, आपल्या नाकाला आजच दिसला. त्यानं डागावर मारला. चेंडू डागावर पडला, थोडा घसरला, ओलावा असेल अजून, आणि पोरानं जिवाच्या आकांतानं घातलेला परतीचा फटका रॅकेटच्या कडेला लागून उंच गेला, उंच, कोर्टावरून, बाकांवरून, भिंतीवरून, आणि पलीकडे झेंडूत कुठंतरी बुडाला.

आणि काहीच झालं नाही.

कुणी ओरडलं नाही, कुणी हललं नाही. मयूरला वाटलं पुन्हा लेट झाली. त्यानं अंपायरकडे पाहिलं. अंपायर म्हणत होता, गेम, सेट अँड मॅच, काकड. सगळं म्हणून झालं तरी बाकांवर चिडीचूप. सगळी माणसं एकमेकांकडे बघतायत, कुणाला खात्री नाही, एकदा तोंड पोळलंय. उभी होती ती एकटी अंबूबाई, आणि तीही पोराकडे न बघता भिंतीकडे चालू लागली होती, चेंडू तिसऱ्या ओळीत पडला हे तिनं पाहून ठेवलं होतं. मयूरनं जाळीपाशी जाऊन त्या पोराशी हात मिळवला, अंपायरशी मिळवला. तो पोरगा म्हणाला, तुमचे काका भारी आहेत. मामा, मयूर म्हणाला, मामा आहेत ते.

मामा जाळीच्या दाराशी उभे होते. एका हातात रूपालीकडून परत घेतलेला फेटा, दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली, बोटांच्या फटींतून गुलाबी भुकटी गळतेय. एक पाय दाराच्या आत उचललेला, पण टेकवलेला नाही. असे ते किती वेळ उभे होते कुणास ठाऊक.

"भाचा," मामांनी अगदी हळू विचारलं, "आते येऊ का?"

मयूरनं अंपायरकडे पाहिलं. अंपायर खुर्चीवरून उतरत होता. त्यानं माइक बंद केला, रेफ्री बाईंकडे पाहिलं, बाईंनी हॅट काढून काखेत धरली आणि चार पावलं मागे सरकल्या, पांढरे बूट सांभाळत.

"थांबा मामा," मयूर म्हणाला. "आधी डोळे मिटू द्या. आता या."